थकलेला अकिलीस

ट्रॉयच्या किनाऱ्यावर ग्रीकांची जहाजे वाळूत ओढून ठेवलेली आहेत. वेढ्याचे दहावे वर्ष चालू आहे. दिवसभराच्या लढाईत ग्रीकांची दाणादाण उडाली आहे, आणि रात्रीच्या अंधारात त्यांचे दूत किनाऱ्याने चालत अकिलीसच्या निवासाकडे निघाले आहेत. साऱ्या सैन्यात ज्याच्या भाल्याला तोड नाही असा हा वीर काही दिवसांपासून लढाईतून अंग काढून बसला आहे. दूत पोहोचतात तेव्हा तो शस्त्राला धार लावीत नसतो. वीणा वाजवीत, पूर्वीच्या वीरांची गीते गात बसलेला असतो. ती वीणाही एका उद्ध्वस्त केलेल्या नगराच्या लुटीतून आलेली, हे सांगायला होमर विसरत नाही.

दूत सेनापती ॲगमेम्नॉनच्या वतीने सोने, घोडे, सात नगरे आणि राजकन्या देऊ करतात. अकिलीस सारे नाकारतो. समुद्रमार्गे बारा आणि जमिनीवरून अकरा नगरे आपण जिंकली, पण हाती काय लागले, असे तो विचारतो. जो जिवाच्या आकांताने लढला त्यालाही आणि जो मागे राहिला त्यालाही मरण सारखेच येते; गाईगुरे लुटून पुन्हा मिळवता येतात, माणसाचा गेलेला प्राण मात्र परत आणता येत नाही. उद्या सकाळी जहाजे पाण्यात लोटून आपण घरी जाणार, असे तो सांगून टाकतो. आपल्याकडे अर्जुनाचा विषाद युद्ध सुरू होण्यापूर्वीचा आहे, युधिष्ठिराचा युद्ध संपल्यानंतरचा. अकिलीसचा विषाद युद्धाच्या ऐन मध्यावरचा आहे, आणि त्याला उपदेश करायला कोणी श्रीकृष्ण तेथे नाही.

‘इलियड’च्या नवव्या सर्गातील हा प्रसंग आठवण्याचे कारण थोडे अनपेक्षित वाटेल. २००९ साली अमेरिकेतील एका चित्रकथा-मालिकेत हाच अकिलीस पुन्हा अवतरला. ती मालिका ‘वंडर वूमन’ची, म्हणजे आपल्या घरातील मुले ज्यांना ‘सुपरहिरोंची पुस्तके’ म्हणतात त्यांतली. लेखिका गेल सिमोन, चित्रकार ॲरन लोप्रेस्टी. या कथेत झ्यूस अकिलीसला मृत्यूतून उठवतो आणि त्याच्यावर एक विलक्षण कामगिरी सोपवतो: जगातील युद्धे संपवून टाकणे. त्याला नाव मिळते ‘युद्धाचा वध करणारा’. ज्याचे सारे आयुष्य युद्धात गेले आणि युद्धातच संपले त्याला दुसरे आयुष्य मिळते तेही युद्धासाठीच. फरक एवढाच, की या वेळी त्या युद्धाचे नाव शांतता आहे.

सुपरहिरोच्या चित्रकथेत थकलेला ग्रीक वीर काय करीत असावा? आधुनिक लेखकांनी आपल्या काळाची उदासी प्राचीन वीराच्या गळ्यात बांधली, असे पहिल्या दृष्टीला वाटते. मला ते तसे वाटत नाही. थकवा मूळचा ग्रीकांचाच आहे. चित्रकथांनी तो आरंभी पुसून टाकला होता, आणि तो परत मिळवायला त्यांना जवळजवळ पन्नास वर्षे लागली. या पन्नास वर्षांचा इतिहास सांगण्याजोगा आहे, आणि त्यात आपल्या ख्रिस्तसभेच्या लोकांचाही थोडा वाटा आहे.

अमेरिकन सुपरहिरोचा जन्म १९३८ चा. त्या वर्षी ‘सुपरमॅन’ प्रसिद्ध झाला. त्याचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर ही क्लीव्हलँडमधील दोन ज्यू तरुण मुले. सॅमसन आणि हर्क्युलिस अशा बलदंड पुरुषांच्या कथा सीगलच्या मनात होत्या. पण पुराणातला सॅमसन आंधळा होऊन चक्की ओढतो आणि हर्क्युलिस विषारी वस्त्राच्या दाहाने चितेवर चढतो. सुपरमॅनच्या वाट्याला यातले काही आले नाही. त्याने बळ तेवढे उचलले, शेवट उचलला नाही.

तीन वर्षांनी, १९४१ च्या अखेरीस, ‘वंडर वूमन’ आली. तिचा निर्माता विल्यम मोल्टन मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ. रक्तदाबावरून माणसाचे खोटे ओळखण्याच्या त्याच्या प्रयोगांतून पुढील काळातील लाय-डिटेक्टरला वाट मिळाली. त्याने नायिका घेतली ती ग्रीक पुराणातील ॲमेझॉन स्त्रियांच्या कुळातील, आणि तिचा मुख्य वैरी ठरवला युद्धदेव मार्स. कल्पना धीट होती: शत्रू कोणी राष्ट्र नव्हे, युद्ध हाच शत्रू. परंतु ती वाचकांच्या हाती पडली आणि काही आठवड्यांतच पर्ल हार्बरवर हल्ला झाला. मग युद्धदेवाशी लढणारी नायिकाही युद्धप्रयत्नांत सामील झाली. त्या वर्षांत थकलेला वीर दाखवणे कोणत्याही प्रकाशकाला परवडले नसते, आणि त्याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारणही नाही.

युद्ध संपल्यावर चित्र बदलू शकले असते, आणि काही काळ ते बदललेही. हार्वी कुर्त्झमन या संपादकाने १९५० पासून कोरियातील युद्धावर ज्या चित्रकथा काढल्या त्यांत विजयाचा जल्लोष नाही. चिखल आहे, चुकून मेलेली माणसे आहेत, शत्रूच्याही डोळ्यांतले भय आहे. पण याच वर्षांत दुसरीकडे भयकथांची आणि गुन्हेकथांची पुस्तके भरमसाट निघत होती. त्यातली काही खरोखरच हिडीस होती, आणि पालक, शिक्षक, धर्मगुरू चिंतेत पडले. अमेरिकेतील कॅथॉलिक बिशपांनी १९३८ साली सभ्य साहित्यासाठी एक राष्ट्रीय संघटना स्थापन केली होती. ती चाळीसच्या दशकाच्या अखेरीस चित्रकथांचीही छाननी करू लागली. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एका कॅथॉलिक शाळेच्या आवारात मुलांनी घरोघर हिंडून गोळा केलेल्या चित्रकथांची होळी करण्यात आली. नाझींच्या ग्रंथदहनाची आठवण तेव्हा ताजीच होती, त्यामुळे त्या ज्वाळा पाहून अस्वस्थ होणारे लोकही कमी नव्हते. याच सुमारास, १९४६ पासून, कॅथॉलिक शाळांतील मुलांसाठी ‘ट्रेझर चेस्ट’ नावाचे चित्रकथांचे स्वतंत्र पुस्तक निघू लागले आणि ते १९७२ पर्यंत चालले. म्हणजे जाळणारेही आपले आणि काढणारेही आपलेच. मुलांच्या वाचनाची काळजी वाहणाऱ्या कोणत्याही घरात हे दोन्ही आवाज एकाच जेवणाच्या टेबलावर ऐकू येतात, तेव्हा त्यात नवल करण्यासारखे काही नाही.

१९५४ साली अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. भेदरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. प्रत्येक कथेत सत्प्रवृत्तीचाच दुष्प्रवृत्तीवर विजय झाला पाहिजे, हे तिचे एक कलम. हेतू चांगला होता. पण त्या कलमाखाली अकिलीस बसणार कसा? तो तर विचारतो की ट्रॉयच्या लोकांनी माझे काय वाकडे केले आहे. कुर्त्झमनच्या युद्धकथांची मासिके १९५५ पर्यंत बंद पडली होती. भयकथा गेल्या आणि त्यांच्याबरोबर शंकाही गेली.

आता या इतिहासातल्या एका माणसाजवळ थोडे थांबले पाहिजे.

जेकब कुर्त्झबर्ग १९१७ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीत जन्मला. आईवडील ऑस्ट्रियातून आलेले ज्यू. चित्रकलेवर पोट भरू लागल्यावर त्याने ‘जॅक कर्बी’ हे नाव घेतले. जो सायमनच्या जोडीने त्याने ‘कॅप्टन अमेरिका’ निर्माण केला. मार्च १९४१ अशी तारीख असलेल्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावताना दिसतो. अमेरिका अजून युद्धात उतरलीही नव्हती. कागदावर हिटलरला लोळवणे सोपे होते. १९४३ साली कर्बीला सैन्यात बोलावणे आले, आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये तो नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला. सेनापती पॅटन यांच्या तिसऱ्या सेनेतील पायदळाचा तो साधा शिपाई. त्याने पुढे सांगितल्याप्रमाणे, तो चित्रकथांचा चित्रकार आहे हे कळल्यावर एका अधिकाऱ्याने त्याला टेहळणीवर, शत्रूच्या ठाण्यांचे नकाशे काढायला, सर्वांच्या पुढे पाठवले. मेट्झच्या परिसरातील लढाया त्याने पाहिल्या. त्या हिवाळ्यात थंडीने त्याचे पाय इतके गारठले की ते कापावे लागतील अशी भीती होती. पाय वाचले. पुढील आयुष्यभर युद्धाच्या हकिकती तो भेटेल त्याला सांगत राहिला.

याच कर्बीने १९६५ साली लेखक स्टॅन ली याच्याबरोबर ‘मार्व्हल’च्या पुस्तकांत हर्क्युलिसला आणले. आणि तो हर्क्युलिस कसा आहे? हसरा, दाढीवाला, आपल्या दंडांवर खूश, भांडायला निमित्तच शोधणारा. पहिल्याच कथेत एका पुलावर त्याची आणि उत्तरेकडच्या थॉर देवाची समोरासमोर गाठ पडते. आधी वाट कोणी द्यायची यावरून दोघे डोंगर हलेपर्यंत मारामारी करतात, आणि अखेर झ्यूस येऊन त्यांना गप्प बसवतो. वाचायला मौज वाटते. ज्याने मेट्झच्या चिखलात माणसे मरताना पाहिली त्याच्याच हातून हे देवांचे दांडगाईचे खेळ उतरले, हे लक्षात आल्यावर मात पाने उलटताना हात जरा अडखळतो. दुखणाऱ्या जागेभोवती माणूस हसण्याचे कुंपण घालतो, असे काही असेल; किंवा महिन्याला कित्येक पाने काढणाऱ्या कामगाराला असल्या गोष्टींसाठी सवडच नसेल. दोन्ही शक्य आहे. १९७४–७५ मध्ये, दुसऱ्या एका प्रकाशनासाठी, त्याने दुसऱ्या महायुद्धातील शिपायांवर काही कथा लिहिल्या आणि चितारल्या. त्यांत देव नाहीत. ढासळलेल्या भिंती आहेत, आणि त्यांच्या आडोशाने चालणारी, दमलेली, दाढी वाढलेली माणसे आहेत. तोवर अमेरिका व्हिएतनाममधून माघारी येत होती.

व्हिएतनामनेच अकिलीसला त्याचा थकवा परत दिला, असे म्हणता येईल. बॉस्टनमध्ये माजी सैनिकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जोनाथन शे यांच्याकडे जी माणसे येत त्यांच्या कहाण्यांत त्यांना एक ओळखीचा साचा दिसू लागला. वरिष्ठाने न्यायाचा भंग केला. मग जिवाभावाचा साथीदार मारला गेला. मग तो शिपाई बेभान झाला आणि आयुष्यभर स्वतःच्या कृत्यांची लाज घेऊन जगला. शे यांच्या ध्यानात आले की हे तर ‘इलियड’चेच कथानक आहे. ॲगमेम्नॉन अकिलीसचा सन्मान हिरावून घेतो. पॅट्रोक्लस मारला जातो. अकिलीस नदी तुंबेपर्यंत माणसे कापतो आणि हेक्टरचे प्रेत रथामागे फरफटत नेतो. १९९४ साली शे यांनी यावर ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ हे पुस्तक लिहिले. त्या आधी, १९८० साली, आघातानंतरच्या या मनोविकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत स्थान मिळाले होते. पण सदसद्विवेकाला होणारी जखम ही वेगळी गोष्ट आहे, असा शे यांचा आग्रह. भीतीने आलेला कंप औषधाने थांबेलही. आपण जे केले ते करायला नको होते, या जाणिवेवर औषध नाही.

चित्रकथांत हे वारे आधीच शिरले होते. १९८७ साली जॉर्ज पेरेझ या चित्रकाराने ‘वंडर वूमन’ची मालिका नव्याने सुरू केली आणि ग्रीक पुराणे पुन्हा नीट वाचून घेतली. त्याचा युद्धदेव एरीस अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात अणुयुद्ध घडवू पाहतो. त्याला हरवायला ठोसा पुरत नाही. नायिकेचा सत्यदर्शी पाश त्याच्याभोवती पडतो आणि त्याला दिसते की सारी माणसे मेल्यावर युद्धदेवाची पूजा करायलाही कोणी उरणार नाही. तेव्हा तो स्वतःच मागे सरतो. पुढच्या वर्षीच्या कथेत हर्क्युलिस आहे. पुराणाप्रमाणे त्याने ॲमेझॉनच्या राणीचा कमरपट्टा आणला होता. पेरेझ या कथेत त्याने त्या स्त्रियांचा विश्वासघात करून त्यांना गुलाम केले होते, असे दाखवतो. त्या पापाची शिक्षा म्हणून तो दगड होऊन त्यांच्याच बेटाखाली, युगानुयुगे, त्या बेटाचा भार वाहत उभा आहे. नायिका त्याला सोडवते. तो बाहेर येतो आणि ज्यांच्यावर अन्याय केला त्या स्त्रियांपुढे क्षमा मागतो. राणी क्षमा करते. सगळ्याच करतात असे नाही, आणि हे मला त्या कथेतले सर्वांत खरे वाटते.

पण हर्क्युलिसचा थकवा याहून पुष्कळ जुना आहे. सुमारे इ. स. पूर्व ४१६ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर युरिपिडीझने त्याच्यावर एक नाटक केले. ते पाहायला बसलेले प्रेक्षक म्हणजे अथेन्सचे नागरिक, आणि नागरिक म्हणजेच सैनिक. स्पार्टाशी चाललेले युद्ध कसाबसा तह होऊन थांबल्यासारखे होते. नाटकात हर्क्युलिस शेवटचा पराक्रम करून, पाताळातून, घरी येतो. बायकामुले एका जुलमी राजाच्या हाती मरणाच्या दारात आहेत. तो वेळेवर पोहोचतो, राजाला मारतो, सारे आनंदित होतात. सामान्य कथा येथे संपली असती. युरिपिडीझचे नाटक येथे अर्ध्यावर आहे. घराच्या छपरावर उन्मादाची देवता उतरते. हर्क्युलिसला वाटते, आपण अजून मोहिमेवरच आहोत, समोर शत्रूची मुले आहेत. तो धनुष्य उचलतो आणि आपल्याच तीन मुलांना आणि पत्नीला, मेगाराला, ठार करतो. म्हाताऱ्या बापावरही तो धावून जातो, तेव्हा अथीना त्याच्या छातीवर शिळा फेकून त्याला खाली पाडते.

शुद्धीवर आल्यावर त्याला सगळे कळते. तो तोंड झाकून बसतो आणि मरू पाहतो. त्याचा मित्र थिसियस येतो. विटाळाची भीती न धरता तो त्याच्या डोक्यावरचे वस्त्र बाजूला करतो आणि म्हणतो, ऊठ, माझ्याबरोबर अथेन्सला चल. हर्क्युलिस जगायचे ठरवतो. सगळ्या कामगिऱ्यांहून ती कठीण. मग एक लहानसा प्रश्न उरतो: या धनुष्याचे काय करायचे? ते कुशीला लागेल तेव्हा प्रत्येक पावलाला म्हणेल की माझ्याच योगे तू मुले मारलीस. टाकून द्यावे तर शत्रूंच्या हाती निःशस्त्र सापडेन. रडत रडत तो ते उचलतो. नाटकाच्या आरंभीच्या भागात त्याची मुले त्याच्या वस्त्राला बिलगून, जहाजामागे बांधलेल्या होड्यांसारखी, त्याच्यामागे घरात गेली होती. अखेरीस तो स्वतः तशाच एखाद्या होडीसारखा थिसियसच्या आधाराने निघून जातो.

हे नाटक लिहिले गेले त्याच सुमारास अथेन्सने मेलोस बेटावरील पुरुषांची कत्तल केली आणि बायकामुलांना गुलाम म्हणून विकले. दोहोंचा संबंध कोणी सिद्ध करू शकत नाही. पण प्रेक्षकांत त्या मोहिमेशी नाते असलेले लोक बसले असतील, हे मनातून जात नाही. २००८ पासून ब्रायन डोरीझ या अमेरिकन दिग्दर्शकाने इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांपुढे सोफोक्लीसची ‘अजॅक्स’ आणि ‘फिलोक्टेटीझ’ ही नाटके वाचून दाखवण्याचा उपक्रम चालवला. वाचन झाल्यावर सैनिक आणि त्यांच्या पत्नी बोलू लागत. सोफोक्लीस स्वतः अथेन्सचा निवडून आलेला सेनापती होता, हे येथे लक्षात ठेवावे.

रक्त सांडून आलेल्या माणसाला परत घेताना काहीतरी केले पाहिजे, ही जाणीव ग्रीकांबरोबर संपली नाही. संत बेसिल यांचे शिक्षण चौथ्या शतकात अथेन्समध्येच झाले होते. तरुणांनी मूर्तिपूजकांचे ग्रंथ कसे वाचावेत यावर त्यांनी एक प्रसिद्ध लेख लिहिला. मधमाशीने फुलांतून वेचावे तसे त्यातले वेचून घ्या, असे ते सांगतात, आणि सद्गुण व सुख या दोन वाटांच्या फाट्यावर उभ्या असलेल्या तरुण हर्क्युलिसची गोष्टही सांगतात. याच बेसिल यांनी बिशप ॲम्फिलोकियस यांना पाठवलेल्या नियमांत युद्धात मारणाऱ्यांचा विचार केला आहे. पूर्वजांनी ही हत्या खून मानली नाही, हे ते मान्य करतात. तरीही त्यांचे हात शुद्ध नाहीत, म्हणून तीन वर्षे त्यांनी पवित्र कम्युनियन घेऊ नये असा सल्ला द्यावा, असे ते सुचवतात. शिक्षा नव्हे, हात धुवायला वेळ देणे. १०६६ च्या हेस्टिंग्सच्या लढाईनंतर नॉर्मन बिशपांनी विजयी सैनिकांनाच प्रायश्चित्त सांगितले: मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. ज्या धनुर्धाऱ्यांचे बाण कोणाला लागले हे त्यांनाच ठाऊक नव्हते त्यांच्यासाठी वेगळा नियम होता. धनुष्याचे काय करायचे, हा हर्क्युलिसचा प्रश्न बिशपांच्याही मेजावर आला होता.

आता २००९ च्या अकिलीसकडे वळू. सिमोनच्या कथेत एरीस मारला जातो, पण युद्ध मरत नाही. जगातील नरसंहारांच्या भूमीतील माती मिसळून घडवलेला एक राक्षस उभा राहतो, आणि वंडर वूमन त्याच्यापुढे जवळजवळ हरते. झ्यूस ठरवतो की ॲमेझॉन स्त्रियांना शांती आणणे जमले नाही, आता पुरुष वीरांची जमात हवी. तो अकिलीसला उठवतो. आणि त्यासाठी तो हवाई बेटांच्या एका सौम्य देवाला मारून त्याचे हृदय वापरतो. शांतीच्या सेनापतीच्या छातीत जे धडधडते ते एका निरपराध्याचे आहे.

हा अकिलीस खलनायक नाही. तो गंभीर, सभ्य आणि आज्ञाधारक आहे. होमरचा अकिलीस ज्या एका गोष्टीसाठी मोठा वाटतो ती म्हणजे सेनापतीला दिलेला नकार. तीच या अकिलीसपाशी प्रथम नाही. झ्यूसची आज्ञा म्हणून तो ॲमेझॉनच्या बेटावर राज्य करायला बसतो, शस्त्रबळाने युद्धे थांबवायला निघतो, आणि हळूहळू त्याला कळू लागते की आपण तेच करीत आहोत. ज्या वेळी हे अंक छापले जात होते त्या वेळी अमेरिकेचे सैन्य इराकमध्ये सहाव्या वर्षी आणि अफगाणिस्तानात आठव्या वर्षी लढत होते. लेखिकेने ते देश कथेत आणले नाहीत. आणण्याची गरजही नव्हती.

कथा म्हणून ती सर्वत्र जमलेली नाही, हेही सांगायला हवे. प्रसंगांची दाटी आहे, देव फार आहेत, मारामारी संपत नाही. अकिलीसच्या पश्चात्तापाला जेवढी पाने हवीत तेवढी मिळत नाहीत, कारण पुढच्या अंकात दुसरा शत्रू दारात उभा असतो. हा दोष एका लेखिकेचा नाही, या साहित्यप्रकाराचाच आहे. १९६४ पासून ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून मराठीत आलेला वेताळ ज्यांनी वाचला त्यांना हे चटकन समजेल. कधीही न मरणारा पुरुष अशी त्याची ख्याती; प्रत्यक्षात बाप मरतो आणि मुलगा तोच बुरखा चढवतो, विश्रांती कोणालाच नाही. क्रमशः छापल्या जाणाऱ्या वीराला थकण्याची मुभा असते, थांबण्याची नसते.

ग्रीकांचा अकिलीस थांबू शकला. पॅट्रोक्लसच्या मृत्यूनंतर तो घरी जाण्याचे विसरतो, हेक्टरला मारतो, आणि तरी त्याला झोप येत नाही. रात्री समुद्रकिनारी येरझारा घालतो. एका रात्री हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, एकटाच त्याच्यापुढे येऊन गुडघे टेकतो आणि ज्या हातांनी आपला मुलगा मारला त्याच हातांचे चुंबन घेतो. अकिलीसला स्वतःच्या वृद्ध बापाची आठवण येते. दोघेही रडतात, एक मुलासाठी, दुसरा कधी बापासाठी तर कधी मित्रासाठी. मग अकिलीस प्रेत धुऊन, तेल लावून, वस्त्रात गुंडाळून गाडीवर ठेवायला सांगतो आणि म्हाताऱ्याला जेवायला बसवतो.

निघण्यापूर्वी तो प्रायमला विचारतो, हेक्टरच्या अंत्यविधीला किती दिवस लागतील. तेवढे दिवस मी सैन्याला आवरून धरीन. प्रायम हिशेब करतो: नऊ दिवस घरात शोक करू, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी त्याच्यावर मातीचा उंचवटा रचू, बाराव्या दिवशी लढायचेच असेल तर लढू. अकिलीस म्हाताऱ्याचे मनगट धरून त्याला शब्द देतो. ट्रॉयचे लोक नऊ दिवस लाकडे वाहून आणतात, चिता रचतात, अस्थी सोन्याच्या पेटीत ठेवतात, आणि शेवटी राजवाड्यात जेवायला बसतात. होमरचे काव्य तेथे, बारावा दिवस उजाडण्यापूर्वी, थांबते.